लस हिंजवडीची, परीक्षा जामखेडच्या उन्हात

वाचकहो, ‘आरएनए संशोधनाला निधी’ असा मथळा पेपरात दिसला की आपला हात पान उलटायला जातो. ही पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांची कामे, आपल्याला त्याचे काय, असे वाटते. पण जरा गोठ्याकडे पाहा. लाळ-खुरकुताने गाय बसली की दूध आटते. बैलाच्या खुरात जखमा झाल्या की ऐन पेरणीत औत थांबते. हा आजार ज्या विषाणूने होतो, तो आरएनएचा विषाणू आहे. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आरएनएचाच. डेंगी, चिकुनगुन्या, गोवर, पोलिओ, पिसाळलेले कुत्रे चावल्यावर होणारा रेबीज आणि २०२० साली गावेच्या गावे घरात कोंडणारा करोना, या सगळ्यांच्या विषाणूंचे बीज आरएनएचेच. पपईवरचा रिंगस्पॉटसुद्धा त्यातलाच.

आपला जामखेड तालुका अवर्षणप्रवण. ज्वारी, तूर, उडीद पावसाच्या भरवशावर. पाऊस दगा देतो त्या वर्षी घर चालते ते दावणीच्या दोन जनावरांवर आणि चार शेळ्यांवर. तेव्हा आरएनएवर कोण संशोधन करतो, त्याला पैसा कोण देतो आणि त्या पैशातून निघालेली लस आपल्या उन्हात टिकते का, हे तिन्ही प्रश्न आपलेच आहेत.

आरएनए म्हणजे काय हो?

सोपे करून सांगतो. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक मूळ दप्तर असते, ते डीएनए. तलाठ्याच्या दप्तरातले मूळ रजिस्टर कोणी घरी नेऊ देत नाही, उताऱ्याची नक्कल तेवढी मिळते. तसेच पेशीत चालते. मूळ रजिस्टर जागेवर राहते आणि त्यातल्या हव्या त्या पानाची नक्कल बाहेर येते. ही नक्कल म्हणजे आरएनए. तिच्यावर लिहिलेले वाचून पेशी प्रथिन तयार करते. काम झाले की नक्कल फाडून टाकली जाते.

आरएनएच्या विषाणूंकडे मात्र डीएनएचे रजिस्टरच नसते. त्यांचा सगळा कारभार नकलेवर. नकलेवरून नक्कल काढताना चुका होतात आणि प्रत्येक चुकीबरोबर विषाणू थोडा बदलतो. म्हणून तर यांच्यातले कित्येक विषाणू सतत रूप पालटतात आणि जुनी लस कधी कधी अपुरी पडते.

आता लसीचे पाहू. जुन्या पद्धतीत मारलेला किंवा दुबळा केलेला विषाणू टोचतात. नव्या पद्धतीत विषाणू टोचतच नाहीत. त्याच्या एका तुकड्याची ‘चिठ्ठी’ तेवढी पेशीला देतात. पेशी चिठ्ठी वाचून तो तुकडा स्वतः बनवते, शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकते आणि चिठ्ठी विरघळून जाते. ती मूळ दप्तराच्या खोलीत जात नाही, त्यामुळे ‘लसीने माणसाचं बीज बदलतं’ ही पारावरची चर्चा खरी नाही. यात मोठा फायदा वेगाचा. विषाणू बदलला तर चिठ्ठीवरचा मजकूर बदलायचा, कारखाना तोच.

पण चिठ्ठी नाजूक असते. उबेला ती लगेच तुटते. आणि इथेच आपल्या तालुक्याचा संबंध येतो.

बुळकांडी गेली, ती कशी?

जुन्या माणसांना बुळकांडी आठवत असेल. गावातली गुरे बघता बघता आडवी व्हायची. तोही आरएनएचाच विषाणू. भारत २००६ साली बुळकांडीमुक्त जाहीर झाला आणि २०११ साली साऱ्या जगातून हा रोग गेल्याची घोषणा झाली. माणसाने कायमचे घालवलेले रोग दोनच, देवी आणि बुळकांडी.

लस तर फार आधीपासून होती. ब्रिटिश पशुवैद्यक वॉल्टर प्लोराइट यांनी आफ्रिकेत काम करताना ती तयार केली होती. अडचण होती ती बर्फाची. जिथे रस्ता नाही, वीज नाही, तिथे लस पोहोचेपर्यंत निकामी व्हायची. पुढे तीच लस सुकवण्याची पद्धत सुधारून उष्णता सोसणारी केली गेली. मग आफ्रिकेच्या दूरच्या माळांवर गुराख्यांमधूनच तयार झालेले लसटोचे ती घेऊन चालत गेले, आणि रोगाचा शेवटचा ठाव लागला. ज्ञान तेच होते. फरक पडला तो शेवटच्या गावाचा विचार करून केलेल्या संशोधनाने.

ही गोष्ट जामखेडकरांना कोणी वेगळी शिकवायला नको. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचे शिक्षण दिले आणि गावचे आरोग्य त्यांच्या हाती सोपवले. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखाना मोठा असून भागत नाही, औषध आणि शहाणपण वस्तीपर्यंत पोहोचले पाहिजे, हे जामखेडने जगाला दाखवले. संशोधनालाही हाच नियम लागू आहे.

हिंजवडीतली लस

करोनाच्या काळात परदेशात आरएनएच्या दोन लसी निघाल्या. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशाच्या आसपास ठेवावी लागे, मॉडर्नाची उणे २० अंशाला. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फ्रीजमध्ये मिळते ती थंडी २ ते ८ अंशांची, तीही वीज असेल तर. बाहेर एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार. अशा लसीचा खर्डा-नान्नजला काय उपयोग?

पुण्याजवळ हिंजवडीत जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही कंपनी आहे, एम्क्युअर या औषध कंपनीची उपकंपनी. तिने हा प्रश्न हाती घेतला. आपल्या बायका उन्हाळ्यात कुरडया, सांडगे वाळवून ठेवतात ते वर्षभर टिकावेत म्हणून. इथेही तत्त्व तेच, फक्त वाळवण उन्हात नाही. लस आधी गोठवायची, मग पोकळीत तिच्यातले पाणी काढून घ्यायचे. उरते ती कोरडी भुकटी. ती साध्या फ्रीजच्या २ ते ८ अंशांत टिकते. टोचायच्या वेळी द्रावणात मिसळायची. शिवाय ही चिठ्ठी पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती स्वतः काढते. चिठ्ठीसोबत झेरॉक्स मशीनच पाठवले म्हणा ना! त्यामुळे थोड्या मात्रेत काम भागते.

या लसीला, जेमकोव्हॅक-१९ ला, जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. भारतात विकसित झालेली ही पहिली एम-आरएनए लस. पुढच्या जूनमध्ये, २०२३ साली, ओमायक्रॉनसाठीची जेमकोव्हॅक-ओएम आली. ती तर सुईविना, दाबाने कातडीत सोडली जाते.

पैसा कोणाचा?

आता मुद्द्याचे बोलू. आपल्याकडे बोअर घ्यायची तर पोटात गोळा येतो. पाणी लागेल की नाही, देव जाणे. एकट्याने घेतली आणि कोरडी गेली तर माणूस कर्जात बुडतो. म्हणून चुलत भाऊ-भाऊ मिळून खर्च वाटून घेतात. लागले तर सगळ्यांचे पाणी, कोरडी गेली तर प्रत्येकाचा थोडा तोटा. संशोधन ही अशीच बोअर आहे. शंभर फुटांवर लागेल म्हणतात, चारशे फुटांवरही फुफाटाच निघतो.

जेनोव्हाच्या लसीत कंपनीचा पैसा होता, तसा तुमचा-आमचाही होता. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने सुरुवातीचे बळ दिले. नोव्हेंबर २०२० मध्ये देशी करोना लसींसाठी केंद्राने ९०० कोटी रुपयांचे ‘मिशन कोविड सुरक्षा’ जाहीर केले. त्याचा कारभार बायरॅक या सरकारी संस्थेकडे होता आणि त्यातूनही या लसीला मदत झाली. अमेरिकेतल्या सिॲटल शहरातील एचडीटी ही कंपनी सुरुवातीला तंत्रज्ञानाची भागीदार होती. म्हणजे सरकार, देशी कंपनी, परदेशी कंपनी अशी ही तिघांची बोअर.

भागीदारी म्हटली की बांधावरची भांडणेही आली. मार्च २०२२ मध्ये एचडीटीने एम्क्युअरविरुद्ध अमेरिकेतल्या न्यायालयात दावा लावला. आपले तंत्रज्ञान पळवले, असा आरोप होता, तो एम्क्युअरने नाकारला. कोण खरे, कोण खोटे, हे ठरवण्याची ही जागा नव्हे. आपण घ्यायचा तो धडा एवढाच, की बोअर घेण्याआधी पाणी कसे वाटायचे हे कागदावर लिहून घ्यावे. ज्यात जनतेचा पैसा आहे त्यात तर हे दहादा तपासून घ्यावे.

दुसरा धडा जास्त बोचरा आहे. लस आली तोवर साथ ओसरली होती. २०२३ च्या जूनमध्ये लसीकरण केंद्रांवर रांगा नव्हत्या, बहुतेकांनी आधीच दुसऱ्या लसी घेतल्या होत्या. लस वाया गेली असे मी म्हणणार नाही, कारण ती बनवण्याची विद्या आता पुण्यात आहे आणि ती पुढच्या रोगाला उपयोगी पडेल. पण आग लागल्यावर विहीर खणायला घेतली की असेच होते. पैसा साथीबरोबर आला, खरे तर तो साथीच्या दहा वर्षे आधी यायला हवा होता.

हे दुखणे केवळ आपले नाही. कॅटलिन कारिको या हंगेरीत जन्मलेल्या बाईंनी अमेरिकेत वर्षानुवर्षे आरएनएवर काम केले. अनुदानाचे अर्ज नामंजूर होत राहिले. १९९५ साली विद्यापीठाने त्यांना पदावरून खाली आणले. तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. २००५ साली त्यांनी आणि ड्रू वाइसमन यांनी चिठ्ठीला शरीराने शत्रू समजू नये, याची युक्ती शोधून काढली. करोनाच्या लसी त्याच पायावर उभ्या राहिल्या आणि २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले. ज्या कामाला दमडी मिळत नव्हती, त्यावर पुढे लाखो माणसांचे प्राण वाचले.

आणि त्याच अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये एम-आरएनए लसींचे २२ प्रकल्प गुंडाळायचे ठरवले, सुमारे ५० कोटी डॉलरचे. परक्याच्या विहिरीवर मोट बांधली की असे होते. तो केव्हा दोर कापील, सांगता येत नाही.

गोठा आणि मळा मागेच

आतापर्यंतची गोष्ट माणसांच्या लसीची झाली. जनावरांचे काय? लाळ-खुरकुतासाठी आपण मारलेल्या विषाणूची लस टोचतो. या विषाणूचे जगात सात प्रकार आहेत. आपल्या लसीत त्यातले ओ, ए आणि एशिया-१ हे तीन असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या रोगांसाठी पाच वर्षांची १३,३४३ कोटी रुपयांची मोहीम सुरू केली. चांगलेच झाले. पण तो पैसा मुख्यतः आहे ती लस टोचण्यासाठी. उन्हात अधिक टिकणारी, अधिक काळ पुरणारी लस शोधण्याचा खर्च वेगळा, आणि तो मागायला हवा.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारने नेमके हेच केले. तिथे लाळ-खुरकूत नाही. तरी उद्या शिरला तर काय, म्हणून सरकारने पैसा घातला आणि जनावरांच्या आरएनए लसीचे काम टिबा बायोटेक या अमेरिकी कंपनीबरोबर सुरू केले. पशुपालकांच्या वर्गणीवर चालणारी तिथली संस्थाही या कामात उतरली. रोग दारात नसताना त्यांनी बोअर घेतली. आपल्या दारात रोग दरवर्षी येतो.

जाता जाता एक खुलासा. २०२२ साली ज्या लम्पीने आपली गुरे गेली, तिचा विषाणू डीएनएचा आहे, आरएनएचा नव्हे. पण आपल्या हातात आपली लस नसली की काय धावपळ होते, हे त्या वर्षी आपण पाहिलेच. शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचून वेळ निभवावी लागली.

मळ्याचेही तसेच. मे २०२० मध्ये संगमनेर, अकोले, नारायणगाव भागात टोमॅटोची फळे धड लाल न होता पिवळी-चट्टेदार पडू लागली. कोणी ‘तिरंगा’ नाव दिले. ‘हे टोमॅटो खाल्ले तर माणसालाही रोग होतो’ अशी आवई उठली आणि भाव पडले. नमुने बंगळूरच्या फळबाग संशोधन संस्थेत गेले. निघाला काकडीवर्गीय मोझॅकचा विषाणू, माव्याने पसरणारा, आरएनएचाच. माणसाला त्याची काही बाधा नाही. पण हे कळेपर्यंत शेतकरी भरडला गेला होता. तपासणीची सोय जवळ असती तर आवई दोन दिवसांत मेली असती. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथे जैवतंत्रज्ञान केंद्रही आहे. संशोधनाचा पैसा वाटताना असल्या ठिकाणांचा नंबर आधी लागला पाहिजे.

पिकांत आरएनएचा उपयोग फवारणीतही होऊ लागला आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये बटाट्यावरच्या भुंग्यासाठी आरएनएच्या फवाऱ्याला परवानगी मिळाली. तो त्या किडीचेच एक आवश्यक काम बंद पाडतो. हवाई बेटांवर पपईच्या रिंगस्पॉटने बागा संपत आल्या होत्या. विद्यापीठांतले शास्त्रज्ञ, सरकार आणि बागायतदारांची समिती यांनी मिळून रोगाला न जुमानणारे वाण आणले. १९९८ साली समितीने पेटंटचे परवाने मिळवून बी शेतकऱ्यांना फुकट वाटले. ते वाण जनुक बदललेले आहे आणि त्याबद्दल वाद होऊ शकतो. पण ज्याचा बाग, तो भागीदार, ही रीत मात्र घेण्यासारखी आहे.

ऊसवाल्यांनी दाखवलेली वाट

तुम्ही म्हणाल, ‘आमच्याकडं कुठला आलाय पैसा संशोधनाला?’ तर आपल्याच भागातला दाखला घ्या. १९७५ साली ऊस उत्पादकांनी आणि साखर कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला संशोधन संस्था काढली, तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखाने तिला वर्गणी देतात. थेंबे थेंबे तळे साचले आणि त्यातून बेणे, उती संवर्धन, माती परीक्षण उभे राहिले. आपला जिल्हा तर सहकाराचा. प्रवरेचा कारखाना इथलाच.

मग दुधाने काय पाप केले? लिटरमागे एक-दोन पैसे दूध संघांनी बाजूला काढले, तेवढेच राज्याने घातले, तेवढेच केंद्राने, तर राहुरीचे विद्यापीठ, औंधची पशुलस बनवणारी सरकारी संस्था आणि पुण्याच्या कंपन्या यांना एका खुंट्याला बांधता येईल. २०२३ च्या कायद्याने केंद्राने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभे केले. पाच वर्षांत ५०,००० कोटींचे उद्दिष्ट आहे, त्यातले सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. आपला देश संशोधनावर उत्पन्नाच्या शेकडा एक रुपयाही खर्च करत नाही, २०२०-२१ सालचा आकडा ०.६४ टक्के होता. तेव्हा बाहेरून पैसा यावा हे ठीकच. पण ज्याचा पैसा त्याची पूर्वा, हे विसरू नका. सगळा पैसा मोठ्या कंपन्यांचा आला, तर संशोधनही त्यांच्या गिऱ्हाइकाचेच होईल. शेळीवाल्या बाईचा पैसा, मग एक पैसा का असेना, त्यात असला तर तिचा प्रश्न पाटीवर लिहिला जाईल.

आणि सरकारी पैसा देताना तीन अटी घाला, असे आपण आपल्या आमदार-खासदारांना विचारून, लिहून सांगितले पाहिजे. पहिली अट, लस किंवा औषध साध्या फ्रीजमध्ये तरी टिकले पाहिजे, फ्रीजविना टिकले तर उत्तम. दुसरी, शोध लागल्यावर गरिबाला कोणत्या भावाने द्यायचे हे आधीच कागदावर हवे. तिसरी, साथ गेली म्हणून पैसा बंद नको. दुष्काळ संपला म्हणून कोणी विहिरीतला गाळ काढायचे सोडत नाही.

तोवर हातात आहे ते सोडू नका. लाळ-खुरकुताची लस सहा महिन्यांनी चुकवू नका. जनावराच्या कानातला बारा आकडी बिल्ला म्हणजे त्याचा सातबारा, नोंद झाली का ते विचारा. लस टोचायला आलेल्या डॉक्टरांच्या डब्यात बर्फ आहे ना, हे पाहण्यात लाज कसली? डब्यातली थंडी गेली तर सुई टोचूनही उपयोग नाही. आणि टोमॅटोवर, पपईवर नवे काही दिसले तर पारावर निदान करत बसू नका, पान-फळ घेऊन कृषी विज्ञान केंद्र गाठा.

हिंजवडी ते जामखेड अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. विद्येला ते कापायला किती वर्षे लागतील, हे प्रयोगशाळेतल्या हुशारीवर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच आपण हिशेब मागतो की पान उलटतो, यावरही आहे.